डॉक्टरसायबांच्या गाडीचं मागलं लॉक

माझं गाव निरवांगी, नीरा नदीच्या काठाला, तालुका इंदापूर. आमी मुलाणी. घर मुसलमानाचं, पर तुमी येऊन बसलात तर तुमाला वेगळं काय वाटायचं न्हाय, बोलणं हेच आन चुलीवर बाजरीची भाकरी हीच. माझ्या वडलांना समदं गाव इंजिनवाले तात्या म्हणायचं. रेल्वेचं इंजिन न्हाय वो सर, नदीवरनं पाणी उपसायची तेलाची इंजिनं असायची तवा, धडधड करणारी, एक इंजिन सुरू झालं की पल्याडच्या गावाला कळायचं. ती बंद पडली की तात्यांना बोलावणं यायचं, आन तात्या काय करायचे, पान्याला हातच लावायचे न्हायत आधी. लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर, त्येचं टोक इंजिनावर टेकवायचं आन मूठ कानाच्या मागल्या हाडाला लावायची, डोळं मिटायचं. मग म्हणायचे, बेअरिंग गेलंय, न्हायतर म्हणायचे, वॉल्व्हखाली कचरा हाय. खोलून बघितलं तर तसंच निघायचं. मला म्हणायचे, इस्माईल, इंजिन बोलतं रं, आपण ऐकत न्हाय.

तर मी ऐकायला शिकलो. हाताचं काम मागनं आलं, कानाचं आधी आलं. कळंबला रस्त्याच्या कडंला पत्र्याचं शेड टाकलं, इस्माईल मिस्त्रीचं गॅरेज, आन चाळीस वर्सं झाली, तितंच हाय. गाडी लांबनं येताना ऐकली की मी सांगायचो काय बिघडलंय, मालक उतरायच्या आधी. लोकं तोंडात बोट घालायची. ह्याची मला लई मस्ती व्हती, खोटं कशाला बोलू. लोणी भापकरला माझी सासुरवाडी, तिकडं गेलो तरी मेव्हण्याच्या मोटारसायकलीचा आवाज ऐकून जेवता जेवता सांगायचो, चैन ढिली हाय तुझी. शकीला म्हंजे आमची मंडळी, ती म्हणायची, अवो, भाकरी खावा आधी, माहेरात तरी कान घरी ठेवून येत जावा.

आता कान घरी ठेवायची पाळीच आली. पर ते नंतर सांगतो, आधी डॉक्टरसायबांचं सांगतो, न्हायतर तुमाला काय उमजायचं न्हाय.

कळंबला पेंढारकर डॉक्टर व्हते. बामणाचं माणूस, पुण्याचं, पर आमच्याकडं आलं आन आमचंच झालं. कुठल्याबी वस्तीवर जायचे. आता तुमी बघताय तसं डांबरी रस्तं न्हवतं तवा, काळी जमीन आन तिच्यात पाटाचं पाणी, उसाच्या सऱ्यांमधनं जायला बैलगाडीची चाकोरी. त्यांची पयली जीप किती वेळा फसायची त्याला मोजदाद न्हाय. मग एकदा ते दिल्लीला गेलते त्यांच्या भावाकडं, तितं कुठल्यातरी परदेशी वकिलातीची जुनी गाडी लिलावात निघाली, ती घेऊन आले. पेट्रोलची, लांबडी, दिसायला साध्या मोटारीसारखी, पर चारी चाकांनी चालणारी. कळंबात असली गाडी कुणी बघितली न्हवती. आन त्या गाडीला एक गंमत व्हती, मागलं लॉक.

तुमी ट्रॅक्टर बघितला आसंल. टाचेपाशी एक बारकं पेडल असतं. एक चाक चिखलात गरागरा फिरायला लागलं की ते दाबायचं, मग मागली दोन्ही चाकं एकमेकाला बांधल्यासारखी बरुबर फिरत्यात आन ट्रॅक्टर निघतो. तसंच ह्या गाडीचं, फकस्त पेडल न्हाय, पुढं गोल बटण, ते वढायचं. आन ते काम लोखंडी दांडीनं व्हत न्हवतं, हवेनं व्हायचं. इंजिन हवा वढून घेतं, ती वढ एका बारक्या नळीतनं बटणापर्यंत आन तितनं मागच्या चाकांपर्यंत जाती, मागं एक डबी हाय, डबीत रबरी पडदा हाय. पडदा वढला की दांडी हलती, लॉक बसतं आन पुढं पिवळा दिवा लागतो. इतकंच. काय सांगू तुमाला, तो पिवळा दिवा लागला की मला दिवाळीसारखं वाटायचं.

डॉक्टर मला बरुबर न्यायचे, गाडी नवीन आन तिचं वळण कुणाला ठावं न्हाय म्हणून. मी मागं पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसायचो. एकदा दुपारचं ऊसतोडवाल्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर गेलो, बाई अडलेली. तिला गाडीत घेतलं, तिची सासू माझ्या शेजारी, आन निघालो तर पाटाचं पाणी फुटून रान चिक्कार भिजलेलं. मागलं डावं चाक बसलं. ती माऊली कण्हत हाय, सासू अंबाबाईचं नाव घेती, मी अल्लाचं घेतो, आन डॉक्टर काय म्हणाले नुसतं, इस्माईल, वढू का. मी म्हणलं वढा. वढलं बटण, दिवा लागला, आन गाडी अशी हळूच उठली बघा, म्हातारं माणूस काठी टेकून उठतं तशी. दवाखान्यात पोचायला आन पोरगी व्हायला एकच गाठ पडली. ती पोरगी आता भिगवणकडं दिली हाय, तिची पोरं शाळेत जात्यात.

ते दिवस लई चांगले व्हते. आता समदं मिळतं, पर ते दिवस चांगले व्हते.

मग एकदा ते लॉक चालंना. नवीन पार्ट मिळायचा न्हाय, पुण्याला न्हाय, मुंबईला न्हाय. डॉक्टर म्हणाले, बघ तूच. मी तीन दिवस बघितलं. आता माझी अक्कल बघा. आमच्याकडं जे काय फुटतं ते बाहेर फुटतं. पंपाचा पाइप गळला, पाणी बाहेर येतं. फवारणीचा पंप गळला, औषध बाहेर येतं. ट्यूब पंक्चर झाली, हवा बाहेर येती. तर मी साबणाचं पाणी करून नळीला बोट बोट फेस लावत बसलो आन बुडबुडा कुठं येतो बघत बसलो. बुडबुडा येईना. एका जागी फेस नुसता नाहीसा व्हायचा, मी परत लावायचो, परत नाहीसा. मला वाटलं उन्हानं वाळतोय.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखान्यातनं इंजेक्शनची पिचकारी घेऊन आले, सुई काढलेली. म्हणाले, पुढं अंगठा लाव आन दट्ट्या मागं वढ. वढला. माझी कातडी आत गेली, सोडला तर चुटकन् आवाज. म्हणाले, ह्या गाडीत ढकलणारं काय न्हाय, समदं वढणारं हाय. फट पडली की हवा आत जाती. तुझा फेस वाळत न्हाय, नळी पिती.

मी कपाळावर हात मारला. जितं फेस पीत व्हती तितंच नळी चिरली व्हती, इंजिनाच्या मागं. काढून टाकली. पर तशी नळी आणायची कुठनं? तवा आमच्याकडं ठिबक नुकतंच आलेलं, डाळिंबाला, द्राक्षाला, ज्याच्या त्याच्या बांधावर काळ्या नळीची वेटोळी पडलेली. मी एक तुकडा घेतला, ठिबकची बारकी नळी, मापात बरुबर बसली, दोन्हीकडं तार पिळून घट्ट बांधली. तार पिळायची माझी एक रीत हाय, दोन पीळ उजवीकडं, एक उलटा, मग टोक आत दाबायचं म्हंजे हाताला लागत न्हाय. गाडी चालू केली, बटण वढलं, दिवा लागला. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली. आन मी सर, कळंबच्या आठवडी बाजारात सांगत फिरलो, परदेशी गाडीला ठिबक लावलं म्हणून. वर्सभर सांगत व्हतो. डॉक्टर समोर असले की ते बी हसून मान हलवायचे.

त्यानंतर डॉक्टर एकटेच जायला लागले, आन गाडीत एक फावडं आन दोन बारदानं ठेवायला लागले. चाक फसलं की खाली घालायला. मी विचारलंबी एकदा, लॉक असताना बारदान कशाला? म्हणाले, वय झालं रं, काळजी जास्त वाटती. मी सोडून दिलं.

बरं. आता कानाचं. चार वर्सं झाली असतील, मला बारीक आवाज यायचे बंद झाले. धडधड येती, हॉर्न येतो, माणूस समोर बसून बोललं तर येतं, पर शिट्टीसारखं, सुस्कारल्यासारखं जे असतं ना, ते येईना. कुकरची शिट्टी झाली का, असं मी शकीलाला विचारायला लागलो. कुणाला सांगितलं न्हाय. कसं सांगणार, ज्याचं नावच कानावर चाललं त्यानं सांगायचं का कान गेले म्हणून? मी युक्ती केली. गिऱ्हाईक आलं की विचारायचो, काय आवाज येतोय, तुमीच सांगा बघू, म्हंजे मी परीक्षा घेतोय असं त्याला वाटायचं.

पर एक गुरुजी आले, शाळेतले. म्हणाले, मागल्या डाव्या चाकातनं गुणगुण येती. मी गाडी फिरवून आणली. मला काय गुणगुण आली न्हाय. न्हाय आली म्हणजे न्हाय आली. मी म्हणलं, गुरुजी, काय न्हाय, रस्ता खडबडीत हाय, तुमी बिनघोर जावा. ते गेले, बायकापोरांना घेऊन, आन चाकाचं बेअरिंग जाम झालं, गाडी रस्त्याकडंच्या चारीत गेली. कुणाला खरचटलं बी न्हाय, देवाची कृपा. गुरुजी आले, रागावले न्हायत, नुसते म्हणाले, मिस्त्री, असं कसं झालं? आन मी म्हणलं, बेअरिंगच हलकं निघालं, माल येतो तसला. असं म्हणलो सर मी.

त्यानंतर पंधरा दिवसांनी डॉक्टरसायबांची गाडी आली. डॉक्टर आता बारामतीला मुलाकडं असत्यात, ब्याऐंशीचं वय, पायानं अधू. त्यांची नात मैथिली, ती डॉक्टर झाली, आन पोरीनं आजोबांचा कळंबचा बंद पडलेला दवाखाना परत उघडला. गाडी तिला द्यायचं ठरलं. पर डॉक्टरांची एक अट, मागलं लॉक चालल्याशिवाय गाडी तिच्या नावावर करायची न्हाय. पोरगी मला म्हणाली, चाचा, आता समदीकडं रस्तं झालेत, लॉक कशाला लागतंय, पर आजोबा ऐकत न्हाईत, ते म्हणाले इस्माईलकडंच ने.

शकीलाला त्या दिवशी मी सांगितलं, हे काम जमलं तर ठीक, न्हायतर शटर खाली. गॅरेज बंद. तुझ्या गाईंचं शेण काढीन. शकीलाच्या सहा गाई हायत, डेअरीला दूध घालती. ती म्हणाली, शेण काढायला मी तुमाला ठेवीन का न्हाय ते मी ठरवीन.

मी गाडीची मागली दोन्ही चाकं उचलून घेतली. लॉक बसलंय का न्हाय ते असं कळतं बघा, एक चाक हातानं फिरवायचं, लॉक नसलं तर दुसरं उलटं फिरतं, लॉक असलं तर दोन्ही एकाच अंगाला फिरत्यात. बटण वढलं. दोन्ही एकाच अंगाला. दिवा लागला. मी म्हणलं, बाळ, ह्याला काय झालंय, चालतंय की. ती गाडी घेऊन गेली. दोन दिवसांनी परत. चाचा, शेतावर नेली तर चालंना. मी परत चाकं उचलली, परत चाललं. तिसऱ्यांदा आली तवा मी जरा चिडूनच म्हणलं, तुला बटण वढता येत न्हाय. तिचं तोंड बारीक झालं. मला आतनं ठावं व्हतं, पोरगी खोटं बोलत न्हाय. गुरुजीबी खोटं बोलत न्हवते.

मग मी नीट बघायला बसलो. मागं गाडीखाली शिरून दांडी हातानं ढकलली, दिवा लागला, म्हंजे दांडी बरी, दिवा बरा. मागल्या डबीची नळी तोंडात धरून हवा वढली आन जीभ लावून धरली, जीभ चिकटून राहिली, म्हंजे पडदा फाटलेला न्हाय. राहिलं पुढं, इंजिन ते बटण. तितं कुठंतरी हवा आत शिरत असणार, आन हवा शिरती तवा बारीक सुस्कारा येतो, सूं करून. नेमका तोच आवाज. जो मला येत न्हाय. इंजिन चालू करून बॉनेटमधी डोकं घालून बसलो. स्क्रू ड्रायव्हरची मूठ हाडाला लावून बसलो, तात्यांची आठवण काढली. काय न्हाय. इतकं उमजलं की गॅरेजात गार इंजिनावर लॉक बसायचं, गाडी चांगली तापली की बसायचं न्हाय, आन का, ते मला ऐकू येईना. डोळ्यात पाणी आलं खरं सांगतो. चौसष्ट वर्सांचा माणूस, बॉनेटमधी डोकं घालून रडतोय.

शकीला जेवायला बोलवायला आलती. मागं उभी राहून तीनदा हाक मारली असणार, मग पुढं आली. मी डोळं पुसलं, म्हणलं धूर गेला. ती म्हणाली, अवो, तुमाला ऐकू येत न्हाय हे मला तीन वर्सं झाली ठावं हाय.

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

म्हणाली, मी उगाच का तुमच्याशी बोलताना समोर येऊन उभी राहती? तुमी सांगाल म्हणून वाट बघत व्हते.

मग पदर खोचून बॉनेटमधी वाकली. काय शोधताय? मी सांगितलं, हवेची फट, सूं आवाज. तिनं कान लावला, चांगला लावला. म्हणाली, आवाजच न्हाय इथं. मी म्हणलं, असणार, नीट ऐक. ती म्हणाली, अवो, रोज दोन वेळा गाईंना दूध काढायचं मशीन लावती, ते काय ढकलतं का, वढतंच ना? कप निसटला तर सूं काय, बोंब मारतं. पर एखादी नळी उन्हानं मऊ झाली आन वढीनं चपटी बसली, तर आवाज काय येत न्हाय, नुसतं दूध यायचं थांबतं. फट असली तर आवाज. नळी आतल्या आत मिटली तर कसला आवाज? तुमी न्हाय, तात्या जरी आले तरी ऐकू यायचं न्हाय.

चाळीस वर्सं गाड्या दुरुस्त करतोय मी, आन हे मला गाईच्या मशीनवाली सांगती.

तिनं गोठ्यातनं मशीनचं घड्याळ काढून आणलं. घड्याळ म्हंजे वेळेचं न्हाय, किती वढ हाय ते काटा दाखवतो ना, ते. बटणाच्या टोकाला ते जोडलं. इंजिन गार, काटा वर. गाडी चालू ठेवून आमी दोघं तितंच बाकड्यावर जेवलो, तवर इंजिन तापलं, बघितलं तर काटा खाली पडलेला. तेच घड्याळ इंजिनाच्या टोकाला जोडलं, काटा वर. म्हंजे वढ इंजिनातनं निघती आन बटणाला पोचत न्हाय, मधल्या नळीतच मरती. इंजिनाच्या मागलं पत्र्याचं झाकण काढलं. तितं गरम सायलेन्सरच्या पाइपाशेजारी एक काळी नळी, पट्टीसारखी चपटी बसलेली. इंजिन बंद केलं, गार होऊ दिलं, ती माझ्या डोळ्यादेखत हळूहळू परत गोल झाली. आन तिच्या टोकाला तार. दोन पीळ उजवीकडं, एक उलटा, टोक आत दाबलेलं.

माझीच ठिबकची नळी. मी साफ इसरलो व्हतो.

शकीला म्हणाली, माझ्या मशीनची जाड नळी देऊ का तुकडा, ती बसत न्हाय चपटी. मी हात पुढं केलता, खरंच, मग मागं घेतला. म्हणलं, नको, एकदा जुगाड केला त्याचं बघितलं. दुसऱ्या दिवशी बारामतीला गेलो आन ह्याच कामाची असते ती जाड रबरी नळी आणली, आन ती गरम पाइपापासनं लांबनं, वरच्या बाजूनं फिरवून घेतली, क्लिपा लावून. तार न्हाय.

डॉक्टरांना कळवलं तर म्हणाले, मला रानात नेऊन दाखव. त्यांचं शेत निरवांगीच्या शिवारात. पाटाला पाणी आलेलं, रान भिजवलेलं. मैथिली गाडी चालवती, डॉक्टर पुढं, मी मागं पिशवी मांडीवर घेऊन, पयल्यासारखा. मुद्दाम लांबनं फिरून आणली, इंजिन तापावं म्हणून. पोरीनं गाडी सरळ चिखलात घातली. मागलं डावं चाक बसलं, गरागरा फिरायला लागलं. डॉक्टर मागं वळले, म्हणाले, इस्माईल, वढू का. म्हणलं, वढा. त्यांनी नातीचा हात धरून बटणावर ठेवला. वढलं. पिवळा दिवा लागला आन गाडी तशीच उठली बघा, काठी टेकून.

बांधावर गाडी थांबली, पोरगी पाणी आणायला विहिरीवर गेली, तवा मी डॉक्टरांना म्हणलं, सायब, ही नळी कधीपासनं बसली असंल वो? ते म्हणाले, तू लावलीस त्याच उन्हाळ्यात बसली. मी म्हणलं, म्हंजे तीस वर्सं? तुमी बोलला न्हाय? म्हणाले, तू बाजारात सांगत फिरत होतास, इतका आनंदात होतास, मला सांगवलं नाही. आणि मला ठाऊक होतं की ते चालत नाही, मी फावडं ठेवायचो, बारदान ठेवायचो, माझं निभलं. पण हिला ठाऊक नाही रे. ही बटणावर भरवसा ठेवून चिखलात गाडी घालील, मागं कुणीतरी अडलेली बाई असेल. बिघाड ज्याला माहीत आहे त्याचं भागतं, इस्माईल. ज्याला माहीत नाही तो चारीत जातो.

त्यांना गुरुजीचं काय ठावं न्हवतं. पर चारी हाच शब्द त्यांच्या तोंडातनं आला. मी तितंच, बांधावर, त्यांना सांगितलं. कानाचं सांगितलं, गुरुजीचं सांगितलं, बेअरिंग हलकं निघालं म्हणालो ते बी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाले, गुरुजींचं घर लांब आहे का? म्हणलं, न्हाय. म्हणाले, मग जा.

गेलो. गुरुजींच्या सोप्यात बसून सांगितलं, गुरुजी, बेअरिंगचा माल हलका न्हवता, माझे कान गेलेत, तुमी बरुबर सांगत व्हता. मला वाटलं हाकलून देतील. गुरुजी म्हणाले, चहा घ्या. आता त्यांची गाडी परत माझ्याकडंच येती, फकस्त ते शेजारी बसत्यात आन बोटानं दाखवत्यात, आता आला आवाज, आता गेला.

गॅरेजवर ती पाटी तुमी येताना बघितली ना, सर? ती मैथिलीनं तिच्या हातानं रंगवून दिली. मिस्त्रीला कमी ऐकू येतं, गाडीचा आवाज कसा येतो ते गिऱ्हाइकानं सांगावं. लोकं पयलं हसली. आता सवय झाली. कोण म्हणतं, मिस्त्री, कोंबडी खुडूक झाल्यावानी करतीया, कोण म्हणतं, सासू कुरकुरती तसं. मी हात ठेवतो, हाताला थरथर कळती, शकीलाचं जुनं घड्याळ इथंच टांगलंय, तिनं मशीनला नवं घेतलं. मैथिली बाळानं कान तपासले, कानाला मशीन लावा म्हणती, लावीन, घाई काय न्हाय. त्यानं शिट्टी ऐकू येईल, तात्यांसारखं न्हाय यायचं. चालायचंच. जितका वेळ ऐकलं तितकं लई ऐकलं, अल्लाची मेहेरबानी.

तर हे असं हाय आमचं. तुमी इतकं लिहून घेतलं, सुखी राहा, तुमच्या लेकराबाळांना औक्ष मिळो. निघताय का? थांबा जरा, तुमची फटफटी चालू करा. मी हात ठेवतो इथं टाकीवर. हां, करा चालू. आन आता तुमी सांगा सर, कसा आवाज येतोय?